गिटारचा आवाज : मांडवातल्या भोंग्यापासून डिजिटल प्रोसेसरपर्यंत

गणेशोत्सवाच्या तयारीची पहिली मीटिंग बसली की मूर्ती, वर्गणी आणि प्रसाद यांच्या पाठोपाठ चौथा विषय हमखास निघतो, तो म्हणजे 'साऊंड'चा. अलीकडे त्यात एक नवी भर पडली आहे. आपल्या वसाहतींतली मुले गिटार वाजवू लागली आहेत, कारखान्यांतले काही तरुण सहकारीही शिफ्ट संपवून सराव करतात. "सांस्कृतिक कार्यक्रमात आम्हाला लाइव्ह वाजवायचे आहे, प्रोसेसर कोणता घ्यावा आणि स्पीकर कोणते?" असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न खरेदीचा वाटतो, पण त्याचे निम्मे उत्तर इतिहासात दडलेले आहे. गिटारला मोठ्या आवाजाची गरज का पडली आणि ती गरज केव्हा संपली, एवढे कळले तरी पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे हे लक्षात येते. शिवाय आपल्या सिलतऱ्यात हा विषय नुसत्या हौसेचा नाही, तो आपल्या कानांचाही आहे. ते कसे, ते ओघात येईलच.

भोंग्याआधीचा उत्सव

1893 मध्ये लोकमान्य टिळकांनी पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले आणि पाठोपाठ मेळ्यांची परंपरा बहरली. एकसारखा पोशाख केलेली मुले चौकाचौकांत उभी राहून पदे म्हणत. साथीला पेटी, तबला, झांज. विजेचा पत्ता नव्हता, मायक्रोफोनचा तर प्रश्नच नव्हता. आवाज जेवढा पोचेल तेवढेच श्रोते, आणि श्रोते वाढले की गाणारे वाढवायचे, असा साधा हिशेब होता. समूहगायन हाच त्या काळचा ॲम्प्लिफायर!

तिकडे अमेरिकेत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी 1915 च्या नाताळात सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर आपल्या 'मॅग्नाव्हॉक्स' यंत्रातून हजारो लोकांना गाणी ऐकवली. 1925 मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी हलत्या कॉइलच्या लाऊडस्पीकरवरचा आपला प्रबंध मांडला. आज मांडवात दिसणारा जवळजवळ प्रत्येक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतो. आपल्याकडे हे यंत्र आधी गाण्यासाठी नव्हे, भाषणासाठी लोकप्रिय झाले. स्वातंत्र्यलढ्यातील पुढाऱ्यांचे जुने फोटो पाहिलेत तर त्यांच्यापुढच्या माईकवर 'शिकागो रेडिओ' ही पाटी दिसेल. नावात शिकागो असले तरी कंपनी मोटवाने कुटुंबाची, अस्सल देशी! 1940 मध्ये दिल्लीत 'आहुजा' सुरू झाली आणि पुढे गावोगावच्या मांडवांत तिचे ॲम्प्लिफायर आणि भोंगे पोचले.

भोंग्याचा गुण असा की थोड्या वॅटमध्ये तो लांबवर ऐकू जातो. दोष असा की तो फक्त मधले स्वर फेकतो. खर्ज जवळपास नाहीच आणि वरची झळाळी थोडीच. भाषणाला हे चालते, वाद्याला नाही. तरीही एका वाद्याने भोंग्याशी जमवून घेतले. 1912 मध्ये जपानच्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी टाइपरायटरसारख्या कळा असलेले 'तैशोगोतो' नावाचे तंतुवाद्य बनवले. आपल्याकडे ते 'बुलबुल तरंग' झाले, आणि पिकअप बसवून मुंबई-कोकणच्या मिरवणुकांत आले ते 'बेंजो' म्हणून. बेंजोचा तो टणत्कारी, किंचित फाटलेला आवाज आजही मुंबईकराला लगेच बाप्पाची आठवण करून देतो. तो आवाज एकट्या वाद्याचा नाही. वाद्य, ॲम्प्लिफायर आणि भोंगा या तिघांचा मिळून तो आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण गिटारचीही कथा हीच आहे.

तव्याच्या आकाराची गिटार

विजेवरची पहिली यशस्वी गिटार 1931 मध्ये जॉर्ज बोशां यांनी अमेरिकेत घडवली आणि पुढच्या वर्षी ती बाजारात आली. गोल अंग, लांब दांडा, त्यामुळे लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत. आपण तवाच म्हणू या! मांडीवर आडवी ठेवून लोखंडी पट्टीने वाजवायची ही हवाईयन पद्धतीची गिटार होती. भारतीय कानांना मींड प्रिय, त्यामुळे हीच पद्धत आपल्याकडे आधी रुजली. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांच्या इलेक्ट्रिक गिटारवरच्या सिनेगीतांच्या तबकड्या आपल्या आधीच्या पिढीने भरपूर ऐकल्या. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी हीच गिटार शास्त्रीय संगीतात नेली. 1967 चा 'कॉल ऑफ द व्हॅली' हा शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतचा त्यांचा अल्बम अनेकांच्या संग्रही असेल.

छातीशी धरून वाजवायची 'स्पॅनिश' गिटार मुंबईच्या सिनेसंगीतात हळूहळू स्थिरावली. 1971 च्या 'दम मारो दम'मधली गिटार भूपिंदर सिंग यांची, हे पुष्कळांना माहीत असते. तिथून पुढे ज्या ऑर्केस्ट्रांनी महाराष्ट्रातले गणेशोत्सव आणि गॅदरिंग गाजवले, त्यांच्या मंचावर गिटारवाला ही मानाची जागा झाली. मात्र त्याच्या मागे ठेवलेला ॲम्प्लिफायर बहुधा देशी असे, कारण 1991 पूर्वी परदेशी वाद्य आणणे म्हणजे परवाने आणि जबर आयात शुल्क यांच्याशी झुंज होती.

आवाज इतका मोठा का झाला?

आता मुख्य मुद्दा. लंडनमध्ये ड्रम विकणाऱ्या जिम मार्शल यांच्या दुकानाने 1962 मध्ये गिटारचे ॲम्प्लिफायर बनवायला सुरुवात केली आणि 1965 मध्ये 100 वॅटचा ॲम्प्लिफायर व बारा-बारा इंची स्पीकर भरलेल्या पेट्यांची चळत मंचावर आली. एवढे मोठे धूड कशासाठी? याला दोन कारणे होती.

पहिले म्हणजे तेव्हा सभागृहाच्या लाऊडस्पीकरवर फक्त गायकाचा आवाज सोडत. गिटारने स्वतःच्या बळावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे असे. 15 ऑगस्ट 1965 रोजी बीटल्स न्यूयॉर्कच्या शिया स्टेडियममध्ये 55 हजारांवर श्रोत्यांपुढे वाजवत होते, तेव्हा खास बनवलेले 100 वॅटचे ॲम्प्लिफायर असूनही त्यांना स्वतःचेच वाजवणे धड ऐकू येत नव्हते.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर ताणला की आवाज गोड 'फाटतो'. रॉक गिटारचा जो भरदार, लांबणारा स्वर आपल्याला आवडतो तो या फाटण्यातून येतो. म्हणजे तो स्वर हवा तर आवाज मोठा केल्याशिवाय गत्यंतर नव्हते. स्वर आणि दणका एकमेकांना बांधलेले होते. मोठा आवाज ही हौस नव्हती, ती त्या यंत्राची मजबुरी होती.

पेटीत मावलेला ॲम्प्लिफायर

ही गाठ सुटायला तीस वर्षे लागली. 1962 मध्ये 'फझ' पेडल आले, मग वाह-वाह, एको, कोरस. पायाखाली पेडलांची रांग लागली. 1983 मध्ये बॉस कंपनीने डिजिटल डिले छोट्या पेडलमध्ये बसवला. 1990 मध्ये झूमने पट्ट्याला अडकवता येईल एवढा मल्टी-इफेक्ट प्रोसेसर आणला. 1998 मध्ये लाइन 6 कंपनीचा लाल, राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा 'पॉड' आला आणि चित्र पालटले. त्यात नामांकित ॲम्प्लिफायर आणि स्पीकरच्या पेट्या यांच्या वागणुकीची गणिती नक्कल होती. 100 वॅटचा मार्शल छताला हादरे देत असताना जो स्वर निघे, त्याच्या बराच जवळ जाणारा स्वर आता हेडफोनमध्ये, शेजाऱ्याची झोप न मोडता ऐकता येऊ लागला!

पुढे फ्रॅक्टलचा ॲक्स-एफएक्स (2006), खऱ्या ॲम्प्लिफायरचा 'छाप' घेणारा केम्पर (2011), लाइन 6 हेलिक्स (2015) आणि न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स (2021) अशी प्रगती झाली. बॉस जीटी-1 (2016) सारख्या छोट्या यंत्रांमुळे विद्यार्थ्यांनाही हे तंत्र परवडू लागले. थोडक्यात काय, तर स्वर आणि दणका यांची फारकत झाली. चांगल्या स्वरासाठी मोठा आवाज करण्याची गरज उरली नाही.

गाठ सुटली, पण भिंती वाढल्या

गंमत पाहा. तंत्रज्ञान आवाज लहान करायला मोकळीक देत होते, त्याच काळात आपल्या मिरवणुकांत स्पीकरच्या भिंती उभ्या राहू लागल्या. पश्चिम महाराष्ट्रात त्यांना 'डॉल्बी' म्हणतात. ज्या रे डॉल्बी यांच्या कंपनीचे हे नाव, ती 1965 मध्ये सुरू झाली ती टेपमधली खरखर कमी करण्यासाठी! नागपूरकडे आणि आपल्या रायपुरात धुमाल गाजतो. त्याचा ठेका अंगात भिनणारा, पण त्यालाही आता गाडीभर स्पीकर लागतात.

अखेर कायद्याला मध्ये पडावे लागले. केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम 2000 साली आले आणि 18 जुलै 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर सविस्तर निकाल दिला. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री 10 ते सकाळी 6 तो बंद. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत राज्य सरकार देऊ शकते. निवासी भागाची दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आणि औद्योगिक भागाची 75. लाऊडस्पीकर लावला तर जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त किंवा 75 डेसिबल, यांतले जे कमी असेल तेवढेच चालते. म्हणजे वसाहतीतल्या मांडवाच्या हद्दीवर 65. छत्तीसगडात 1985 च्या कोलाहल नियंत्रण अधिनियमाखालीही कारवाई होत आली आहे.

पण पोलिसांची भीती बाजूला ठेवू आणि आपल्या कानांकडे पाहू. कारखान्यांसाठीच्या नियमांप्रमाणे कामगाराने 90 डेसिबलमध्ये जास्तीत जास्त 8 तास राहावे, 100 मध्ये 2 तास आणि 105 मध्ये केवळ 1 तास. आवाजामुळे येणारे बहिरेपण हा सरकारला कळवण्याजोगा व्यवसायजन्य रोग आहे. आता आपल्यापैकी जो बंधू रोलिंग मिलमध्ये किंवा भट्टीपाशी आठ तास काढून येतो, त्याच्या कानांचा दिवसाचा कोटा मांडवात येण्याआधीच संपलेला असतो. त्याला स्पीकरच्या भिंतीपुढे 105 डेसिबलमध्ये तासभर उभे केले, तर एका दिवसात दोन दिवसांचा मारा झाला. हे बहिरेपण हळू येते, दुखत नाही आणि परत जात नाही. जो कान आरती ऐकायला आला आहे, तोच आपण बधिर करायचा का? पुण्या-मुंबईच्या मंडळांपेक्षा आपल्याला हा विचार जास्त करावा लागतो.

आता खरेदीचे बोलू

प्रथम स्पीकर ठरवावेत, मग प्रोसेसर. बहुतेक जण उलट करतात. गिटारच्या खास बारा इंची स्पीकरमधून साधारण 5 हजार हर्ट्झच्या वरचा भाग फारसा बाहेर येत नाही, त्यामुळे फाटलेला आवाज मऊ वाटतो. प्रोसेसरमधले 'कॅबिनेट सिम्युलेशन' हेच काम गणिताने करते. म्हणून नियम सोपा आहे. मांडवाच्या साऊंड सिस्टिममध्ये थेट जोडायचे असेल तर हे सिम्युलेशन चालू ठेवा, नाहीतर गिटार गांधीलमाशीसारखी भुणभुणते. गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये जोडायचे असेल तर ते बंद करा आणि जमल्यास मागच्या 'रिटर्न' सॉकेटमध्ये जोडा, नाहीतर दोन ॲम्प्लिफायर एकावर एक चढून आवाज गुदमरतो.

मंडळासाठी माझे मत पहिल्या मार्गाला. आतच ॲम्प्लिफायर असलेल्या बारा इंची, सर्व स्वर सारखे देणाऱ्या स्पीकरची एक जोडी घ्यावी. गिटारचा खास ॲम्प्लिफायर फक्त गिटारलाच उपयोगी, पण या जोडीवर आरती, भजन, पेटी-तबला, मुलांची नाटुकली आणि 15 ऑगस्टचे भाषण सगळे होते. वर्गणीच्या पैशाला असा बारमाही उपयोग हवा.

किती वॅट? इथे थोडे गणित करू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून 1 मीटरवर 95 डेसिबल असेल तर 2 मीटरवर 89, 4 वर 83, 8 वर 77, 16 वर 71 आणि 32 मीटरवर 65. म्हणजे हद्द 32 मीटरवर असेल तर सरासरी 95 डेसिबल पुरे. एका चांगल्या बारा इंची स्पीकरला एवढा आवाज द्यायला साधारण 1 वॅट लागतो! अचानक येणाऱ्या ठोक्यांसाठी 20 डेसिबलची मोकळीक ठेवली तर शंभरपट, म्हणजे 100 वॅट. खरेखुरे 200-300 वॅट असले की चिंता मिटली. वॅट दुप्पट केले तरी आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो, तेव्हा हजारोंच्या आकड्यांना भुलू नये. 'पीएमपीओ' असे लिहिलेला आकडा तर विचारातच घेऊ नये. आरएमएस वॅट आणि कमाल डेसिबल तेवढे पाहावेत.

प्रोसेसर घेताना इफेक्टची संख्या मोजत बसू नका. शंभरातले सहा-सात वापरले जातात. पुढील गोष्टी पाहा. मंचावर अंधारात वाचता येईल असा पडदा आहे का? पायाने दाबायची बटणे निदान तीन-चार आहेत का? बाहेरचा स्पीकर-नमुना, म्हणजे 'इम्पल्स रिस्पॉन्स', भरता येतो का? लांब केबलसाठी एक्सएलआर आउटपुट आहे का? नसेल तर एक डीआय बॉक्स घ्यावा. मिक्सर वीस-पंचवीस मीटरवर असेल तर साध्या गिटार केबलने गुरगुर येणारच. आणि दुरुस्ती रायपूर-नागपूरला होते का, हे दुकानात आधी विचारावे.

एक धोक्याची सूचना. घरी हेडफोनवर किंवा हळू आवाजात बसवलेला सुंदर स्वर मांडवात कर्कश आणि ढमढम वाटतो. यात यंत्राचा दोष नाही. 1933 मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले की हळू आवाजात आपला कान खर्ज आणि वरचे स्वर कमी ऐकतो, म्हणून आपण ते घरी नकळत वाढवून ठेवतो. उपाय एकच. ज्या स्पीकरवर वाजवायचे त्यावर, ज्या आवाजात वाजवायचे त्या आवाजात, आदल्या दिवशी स्वर बसवावेत आणि सगळे पॅच एकाच पातळीवर आणावेत.

सिलतऱ्याची धूळ आणि अर्थिंग

दोन गोष्टी खास आपल्या गावच्या. स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी धूळ खिडकीत बसते तशी गिटारवरही बसते. त्यात लोखंडाचे कण असतात, आणि गिटारचे पिकअप व स्पीकर दोन्हींत लोहचुंबक! हे कण स्पीकरच्या कॉइलपाशी शिरले की खरखर सुरू होते. म्हणून स्पीकरला कापडी खोळ, गिटारला बंद पेटी आणि प्रोसेसरच्या न वापरलेल्या सॉकेटना टोपणे हवीतच. हा खर्च थोडा, पण आयुष्य वाढवणारा.

दुसरी गोष्ट जीवावरची. गुरगुर घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याची वाईट खोड मांडवांत दिसते. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात आणि ओठ माईकला लागलेले. एका बाजूचे अर्थिंग बिघडले तर विजेचा रस्ता वादकाच्या अंगातून जातो. मे 1972 मध्ये 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश बँडचा तरुण गिटारवादक लेस हार्वे स्वान्सी येथे कार्यक्रमातच असा गेला. आपला उत्सव तर भाद्रपदातला, जमीन ओली, पाय अनवाणी. तेव्हा माईक, मिक्सर आणि प्रोसेसर एकाच अर्थ केलेल्या बोर्डावर घ्यावेत, आरसीसीबी बसवावा आणि गुरगुर घालवायला डीआय बॉक्सवरचा 'ग्राउंड लिफ्ट' दाबावा. आपल्या मंडळात इलेक्ट्रिशियन सभासदांची कमतरता नाही. रात्रीच्या कार्यक्रमाआधी त्यांनी एकदा मीटर लावून खात्री करावी, ही त्यांना नम्र विनंती.

मेळ्यांच्या काळात आवाज लहान होता म्हणून लोक जवळ येऊन बसत. मधल्या काळात यंत्रांनी आपल्याला लांब उभे राहायला शिकवले. आता पुन्हा लहान आवाजात उत्तम स्वर मिळू शकतो, आणि तोही एका दप्तरात मावणाऱ्या पेटीतून. यंदा आपल्या मुला-मुलींच्या आणि मराठी, छत्तीसगढी, ओडिया, तेलुगू अशा सर्व सहकाऱ्यांच्या बोटांना ती संधी देऊ या. कार्यक्रमाच्या दिवशी कोणीतरी हद्दीवर जाऊन उभे राहावे, आवाज मोजावा, आणि मागच्या रांगेतल्या आजोबांना विचारावे, "गिटार ऐकू येतेय ना? आणि शेजारच्याचे बोलणेही?" दोन्हींचे उत्तर 'हो' आले की समजावे, खरेदी बरोबर झाली.

गणपती बाप्पा मोरया!